सॅक्सोफोन चौकडीने वाजवलेला ग्लास आणि राइश: नेमकं काय ऐकायचं?

मीरा_रॉटरडॅम

नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य संगीत मन लावून ऐकणारं इथे कोणी असेल तर थोडी मदत हवी आहे.

मागच्या आठवड्यात इथल्या एका जुन्या चर्चमध्ये सॅक्सोफोन चौकडी ऐकली. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन अशी चार वाद्यं आणि चार माणसं, साथीला दुसरं काही नाही. सगळा कार्यक्रम मिनिमलिस्ट संगीताचा होता, म्हणजे छोट्या सुरावटी पुन्हापुन्हा फिरवत हळूहळू बदलत नेणाऱ्या संगीताचा: मायकेल नायमनचं ‘साँग्ज फॉर टोनी’, फिलिप ग्लासचं सॅक्सोफोन क्वार्टेट आणि शेवटी स्टीव्ह राइशचं ‘न्यू यॉर्क काउंटरपॉइंट’. राइशच्या वेळी चौघांच्या जोडीला आधी ध्वनिमुद्रित केलेले आणखी सॅक्सोफोन स्पीकरमधून वाजत होते.

मी पुण्यात असताना ग्वाल्हेरचं गाणं शिकले, इथे आल्यावरही रोज तंबोरा लावून बसते. त्यामुळे कानाला एक वळण आहे. कोणीतरी षड्ज लावणार, एकेक सूर उलगडत जाणार, सम गाठणार, मग ताना. ग्लासच्या संथ भागात मी अगदी रमले. नायमनही भिडला. राइशच्या रचनेत मात्र मध्येच कुठेतरी माझा हात सुटला. तेच चार-पाच सूर, तीच फिरत, ना बढत ना सम. पण माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ खुर्चीच्या टोकाला आले होते आणि डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत होते. त्यांना जे ऐकू येत होतं ते मला येत नव्हतं, हे मला स्पष्ट कळत होतं. ते काय होतं, हा माझा प्रश्न.

दुसरं असं की, कार्यक्रमपत्रिकेत ग्लासने रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याकडून ताल शिकल्याचा उल्लेख होता. हे नातं खरोखर संगीतात उतरलंय, की नुसतं नाव घेण्यापुरतं? आणि सॅक्सोफोनच का? माझ्या डोक्यात हे वाद्य म्हणजे जाझ, नाहीतर जुनी हिंदी गाणी.

पेटीवाला

मीराताई, तुमचा हात सुटला यात नवल नाही. मी हे संगीत बऱ्यापैकी ऐकलंय आणि मला ते लागत नाही. पुनरावृत्ती आपल्याकडेही आहे. लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरणारी सुरावट, तासभर तोच असतो, पण त्यावर तबलजी काहीतरी बोलत असतो. इथे लेहराच ऐकायचा, आणि तबलजी आलेलाच नाही, असं वाटत राहतं. कोणी समजावलं तर मलाही हवंय, मुद्दाम विरोध म्हणून लिहीत नाही.

मिरजकर_बॅरिटोन

मीराताई, तुमच्या शेजारचे गृहस्थ बोटांवर काय मोजत होते ते मी बहुधा सांगू शकेन.

मी मूळचा मिरजेचा. वडिलांची बँड कंपनी होती. लग्नसराईत मी आधी क्लॅरिनेट आणि नंतर आल्टो सॅक्सोफोन वाजवायचो. आता बरीच वर्षं लीड्सला आहे. नोकरी सांभाळून आमची एक हौशी चौकडी चालते, तीत बॅरिटोन माझ्याकडे असतो. तुम्ही ऐकलेल्या तिन्ही रचना आम्ही वाजवल्यात, म्हणून आत बसून जे दिसतं ते लिहितो.

माझं सांगणं एकच आहे. सुरांच्या आधी श्वास ऐका.

हेच संगीत पियानोवर किंवा ऑर्गनवर वाजतं तेव्हा पुनरावृत्तीला थांबायचं कारणच नसतं. बोटं चालतात तोवर ती चालते. सॅक्सोफोनवर माणसाला हवा घ्यावीच लागते, आणि सलग धावणाऱ्या ओळीत रचनाकाराने विश्रांतीची जागा ठेवलेली असतेच असं नाही. मग ती वाजवणाऱ्यांनी आपसात ठरवायची. आमच्याकडच्या ग्लासच्या प्रतींवर पेन्सिलीच्या इतक्या खुणा आहेत की छापील सूर शोधावे लागतात. आल्टोच्या पानावर एका ओळीत एका सुराभोवती गोल आहे आणि त्यावर काट: हा सूर वाजवायचा नाही, इथे श्वास. टेनरच्या पानावर नेमक्या त्याच जागी लिहिलंय, ‘पुढे ये’. म्हणजे आल्टोच्या श्वासापुरतं टेनरने केसभर मोठं वाजवायचं, जेणेकरून ऐकणाऱ्याला भोक दिसू नये. पुढच्या फेरीत टेनरचा सूर गाळायचा आणि आल्टोने पुढे यायचं. सोप्रानोवाली वरून हे सगळं बघत असते आणि तिचा लांब सूर आम्हा दोघांपैकी कोणाच्याच श्वासावर तुटू देत नाही.

हे कळलं की ती ‘तीच फिरत’ तीच राहत नाही. प्रत्येक फेरीत वजन वेगळ्या माणसावर असतं. ग्लासची रचना ऐकताना मी आधी हेच ऐकतो: आत्ता कोण श्वास घेतंय आणि त्याला कोण सांभाळतंय.

बॅरिटोनचं दुखणं वेगळं. एवढ्या लांब नळीतून खालचा सूर भरीव काढायचा तर हवा भसाभस जाते. सोप्रानोला हवा कमी लागते, पण ओठांवरचा ताण जास्त. तिला मिनिटागणिक ओठ सैल करायला जागा हवी असते. त्यामुळे चौघांच्या श्वासाच्या जागा कधीच जुळत नाहीत, आणि तेच बरं असतं. चौघांनी एकदम श्वास घेतला तर संगीतच थांबेल.

आता राइश. त्याने हा श्वास थेट रचनेतच घेतला. ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ ही त्याची १९७६ सालची मोठी रचना. तिच्या सुरुवातीला क्लॅरिनेटवाल्यांनी आणि गायिकांनी छातीभर श्वास घेऊन, तो आरामात पुरेल तेवढाच वेळ एक सूर ठोके देत वाजवायचा असतो. श्वास संपला की सूर विरतो, नवा श्वास की पुन्हा वर येतो. पियानो आणि मरिंबा (लाकडी पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य) खाली एकसारखे टिकटिकत असतात आणि वर माणसांच्या छातीच्या मापाच्या लाटा येत-जात राहतात. ‘न्यू यॉर्क काउंटरपॉइंट’ १९८५चं. त्याच्या सुरुवातीला तुम्ही जे ठोके ऐकलेत, हळूच वर येणारे आणि मागे जाणारे, ते याच घरातले.

ही रचना मुळात क्लॅरिनेटची आहे: एक वादक समोर आणि दहा आवाज त्याने आधीच ध्वनिमुद्रित केलेले, असे एकूण अकरा. सॅक्सोफोनसाठी तिची मांडणी सुझन फँचर या अमेरिकन वादिकेने केली. तीन भाग आहेत, मधला संथ, मध्ये न थांबता वाजतात. तुमचा हात सुटला तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात. तिथे एकच छोटी सुरावट अनेक वाद्यांवर वाजत असते, पण प्रत्येकाची सुरुवात थोडी पुढेमागे. त्यातून वरच्या बाजूला एक तिसरीच चाल ऐकू येऊ लागते, जी कोणाच्याच पानावर लिहिलेली नसते. एकाचा उंच सूर, दुसऱ्याचा त्याच्या पाठोपाठचा, असे मिळून ती बनते. वाद्यं एकाच आवाजाची असतात म्हणूनच हे होतं. बासरी, सतार आणि व्हायोलिन घेऊन बसलात तर कान तिघांना वेगळं काढेल आणि ती चाल दिसणारच नाही.

आणि आता बोटांवर मोजण्याचं. तिसऱ्या भागात आवर्तन बारा आघातांचं आहे. बारा म्हणजे चार-चारचे तीन गट, किंवा तीन-तीनचे चार. वरची सुरावट दोन्ही बाजूंनी ऐकता येते. तुम्ही आज चारचे तीन ऐकाल, उद्या तीनचे चार. राइशने ही दुविधा ठरवून ठेवली आहे, आणि खर्जातल्या वाद्यांना काम दिलंय ते कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला जोर देण्याचं. वर एकही सूर बदललेला नसतो. खाली जोराची जागा सरकली की वरची सगळी चाल वेगळी वाटू लागते. मी तिथे बॅरिटोन घेऊन उभा असतो तेव्हा श्रोत्यांतल्या काही मानांची डोलण्याची लय बदलताना दिसते. तुमचे शेजारी हेच मोजत असणार.

पेटीवाले, तुमच्या लेहऱ्याच्या दाखल्यावर माझं उत्तर हेच: इथे लेहरा वर आहे आणि तबलजी खाली, तो फार कमी बोलतो, पण बोलतो.

मीरा_रॉटरडॅम

काय सुरेख लिहिलंत! बारा आघातांचं वाचून लगेच तिसरा भाग लावला. हातावर आधी तीन-तीन धरलं, मग चार-चार. एका जागी खालून जोर आला आणि माझी टाळी आपोआप चुकीच्या जागी पडायला लागली. अंगावर काटा आला. एकतालात बारा मात्रा आयुष्यभर मोजल्यात, पण तिथे विभाग ठरलेले असतात. इथे विभागच हलतात.

सॅक्सोफोनचं आणि आपल्या संगीताशी असलेल्या नात्याचं राहिलं. वेळ मिळेल तसं लिहा, घाई नाही.

सुंदरीप्रेमी_सोलापूर

मिरजकर, श्वासाबद्दल एक शंका. आमच्या सोलापूरची सुंदरी (सनईची धाकटी बहीण), सनई, दक्षिणेतलं नागस्वरम, या सगळ्यांत गालात हवा धरून नाकाने श्वास घ्यायची रीत आहे. सूर तुटतच नाही. सॅक्सोफोनवाले हे का करत नाहीत? कद्री गोपालनाथ आल्टोवर कर्नाटक संगीत वाजवायचे, त्यांच्या वादनात मी मैफलीत बसून सूर किती लांब जातो ते ऐकलंय.

मिरजकर_बॅरिटोन

करतात की. सोप्रानो आणि आल्टोवर पुष्कळ जण करतात. गॅव्हिन ब्रायर्स या इंग्लिश रचनाकाराची ‘अलॅरिक वन ऑर टू’ नावाची १९८९ची चौकडी आहे, दोन सोप्रानो, एक आल्टो आणि एक बॅरिटोन अशी जरा निराळी बांधणी. तिच्यात अशा न तुटणाऱ्या श्वासाचा भरपूर उपयोग आहे. ती जरूर ऐका; तिच्यातली उदासी फार जवळची वाटते. बॅरिटोनवर ही रीत जमवणं जिवावर येतं, कारण गालात मावते तेवढ्या हवेत खालचा सूर क्षणभरही धड टिकत नाही. सुंदरीचं तोंड केवढं आणि बॅरिटोनचं केवढं, बघा.

पण जमत असलं तरी ग्लास वाजवताना आम्ही ती वापरत नाही. माझं स्वतःचं मत असं आहे की श्वास ऐकू आला पाहिजे. लपवलेला श्वास आणि घेतलाच नाही असा श्वास, यांत फरक आहे. पहिल्यात ऐकणाऱ्याच्या छातीलाही कळतं की समोर कोणीतरी कष्ट करतंय.

मीराताई, आता तुमचे दोन प्रश्न.

सॅक्सोफोनच का, याचं एक उत्तर वर आलंच. चारही वाद्यं एकाच घडणीची. अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं तेच मुळी लहान-मोठ्या वाद्यांच्या पूर्ण कुटुंबाचं. नळी सगळ्यांची तोंडाकडून खाली रुंदावत जाणारी, बोटांची ठेवण सगळ्यांची सारखी. म्हणून चार जण मिळून एका मोठ्या वाद्यासारखे वाजू शकतात. मार्सेल म्यूल या फ्रेंच सॅक्सोफोनवादकाने पॅरिसमध्ये १९२८ साली आपली चौकडी उभी केली, आणि १९३२ साली रशियन रचनाकार ग्लाझुनोव्हने चौकडीसाठी मोठी रचना लिहिली. म्हणजे ही परंपरा जाझच्या कडेकडेने, पण स्वतंत्र चालत आलेली आहे.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मिनिमलिझमच्या घरात सॅक्सोफोन पाहुणा म्हणून आलेला नाही, तो तिथलाच आहे. या संगीताची सुरुवात करणाऱ्या अमेरिकन रचनाकारांपैकी ला माँटे यंग सोप्रानिनो, म्हणजे सोप्रानोहूनही लहान, सॅक्सोफोन वाजवायचा. टेरी रायली सोप्रानो वाजवायचा, टेपच्या फेऱ्यांवर स्वतःचाच आवाज पुन्हापुन्हा आणून. रायलीच्या ‘इन सी’ या रचनेचा पहिला प्रयोग १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. ५३ छोटे तुकडे. प्रत्येकाने प्रत्येक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा आणि मग पुढच्यावर जायचं. त्या प्रयोगात राइशही होता आणि जॉन गिब्सन नावाचा सॅक्सोफोनवाला होता. याच गिब्सनसाठी राइशने १९६६ साली सोप्रानो आणि टेपची ‘रीड फेज’ लिहिली. पुढे हाच गिब्सन ग्लासच्या संचात वर्षानुवर्षं वाजवत होता. ग्लासच्या त्या संचाचा आवाज म्हणजे इलेक्ट्रिक ऑर्गन आणि सॅक्सोफोन-बासऱ्या. तेव्हा चौकडीसाठी रचना लिहिणं ही त्या लोकांसाठी आडवाट नव्हती.

ग्लासचं क्वार्टेट १९९५चं, राशर चौकडीसाठी लिहिलेलं. ते दोन्ही प्रकारे वाजतं, नुसत्या चौघांनी किंवा मागे ऑर्केस्ट्रा घेऊन. मला चौघांचंच आवडतं. ऑर्केस्ट्रा आला की मागे तंतुवाद्यं भरून काढतात आणि श्वासाचा सगळा व्यवहार झाकला जातो. चार भाग, आणि प्रत्येकात एकेका वाद्याला पुढे आणलंय. दुसरा भाग बॅरिटोनचा आहे, झपाट्याचा, अडवून जोर देणारा. तो वाजवताना मला मिरजेची वरात आठवते, त्याला इलाज नाही.

नायमनचं तुम्हाला भिडलं, त्याचं कारण रचनेतच आहे. १९९३ साली अपोलो चौकडीसाठी ती लिहिली गेली. टोनी सायमन्स हा नायमनचा मित्र आणि त्याचं कामकाज बघणारा माणूस. तो गेला, त्याच्यासाठी ही गाणी. नायमन तरुणपणी संगीतावर लिहायचा, आणि १९६८ साली या प्रकारच्या संगीताला ‘मिनिमल’ हे विशेषण लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता.

आता आपल्याकडचं नातं. ते खरं आहे. पण कुठे आहे आणि कुठे नाही, हे नीट पाहायला हवं.

ग्लास १९६०च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडे शिकत होता. तेव्हा एका चित्रपटाच्या कामासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना वाचता येईल असं लिहून देण्याचं काम त्याला मिळालं. तो सवयीने सुरांच्या मध्ये उभ्या रेघा मारून माप पाडायचा, आणि अल्लारखाँसाहेब पुन्हापुन्हा सांगायचे की असं नाही, सगळे सूर सारखे आहेत. शेवटी त्याने रेघाच पुसल्या. मग समोर राहिला तो दोन-तीनच्या गटांचा अखंड प्रवाह. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो अल्लारखाँसाहेबांकडे शिकलाही. त्यातून त्याची बेरजेची पद्धत आली. १९६८ची ‘टू पेजेस’ बघा. पाच सूर, आपल्या सरगमीत मंद्र पंचम, षड्ज, रिषभ, कोमल गंधार, मध्यम. हे पाच फिरत राहतात. मग त्यांना पहिल्या चारांची जोड मिळते, म्हणजे पाच अधिक चार. पुढे अशीच लांबी वाढत आणि आखडत जाते. वेग तोच, सूर तेच, फक्त ओळीची लांबी बदलते. तबल्यावर जिभेने बोल जोडत गेलेल्याला हे लगेच समजतं.

यात आपल्याकडची सम नाही. ठरलेल्या जागी परत यायचं, आणि ते आल्याचा आनंद सगळ्यांनी मिळून घ्यायचा, ही गोष्ट ग्लासने घेतलेली नाही. म्हणून ती शोधत बसलात तर दमाल. रागही नाही. अल्लारखाँसाहेबांकडून त्याने गणित घेतलं, आणि त्यावर आपलं घर बांधलं.

राइश आपल्या संगीताकडे वळलाच नाही. तो १९७० साली घानाला जाऊन तिथलं ढोलवादन शिकला. तीन-चारची जी दुविधा तुम्ही हातावर धरलीत, तिच्याशी पश्चिम आफ्रिकेच्या तालांचं नातं जास्त जवळचं.

पेटीवाला

मिरजकर, एक तांत्रिक विचारतो. सॅक्सोफोनला चाव्या असतात, म्हणजे सूर पेटीसारखे ठरलेले. मग मीराताईंना तंबोऱ्याचा कान असताना तो गंधार खुपत कसा नाही? मला पेटीचा खुपतो आणि मी स्वतः पेटी वाजवतो.

मिरजकर_बॅरिटोन

हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण यातूनच मी मिरजेला पोहोचतो.

चाव्या सूर ठरवतात, पण शेवटचा शब्द ओठांचा आणि घशाचा असतो. ओठ किंचित सैल केले की सूर उतरतो, आवळले की चढतो. चौघं मिळून लांब जुळणी धरतात तेव्हा ज्याच्याकडे गंधार असेल त्याने तो खाली आणायचा, हे चौकडीतलं पहिलं शिक्षण. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो साधारण ३८६ वर. चौदा सेंटचं अंतर, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा हिस्सा. आमच्या तालमीची सुरुवात रोज अशी होते: मी खाली षड्ज धरतो, टेनर पंचम, आल्टो गंधार. आल्टो सूर हळूहळू उतरवत आणते. एका जागी आवाजातली थरथर थांबते आणि खाली, माझ्याही खाली, कोणीच न वाजवलेला एक सूर घुमायला लागतो. तो आला की आम्ही वह्या उघडतो. बारीक कोंदट खोलीत तो फार छान येतो, मोठ्या सभागृहात शोधावा लागतो.

आता रायलीकडे परत. ला माँटे यंग आणि टेरी रायली हे दोघंही पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, १९७० साली पंडितजी अमेरिकेत गेल्यावर. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले. एकेका सुरावर तासन् तास थांबणारे, श्रुतीसाठी जीव टाकणारे. ते १९९६ साली गेले, तोवर रायली त्यांच्याकडे शिकत होता आणि मागे बसून साथ करत होता. किराणा म्हटलं की आम्हा मिरजकरांचा ऊर भरून येतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, १९३७ साली गेले तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं, आणि दरवर्षी उरुसात तिथे गायक हजेरी लावतात. मी लहानपणी तिथे रात्र-रात्र बसलोय. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जायचो, जवारी लावताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद खुलवताना, येणारा तो आवाज रस्त्यावर ऐकू यायचा.

या रायलीने रोव्हा या सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅक्सोफोन चौकडीसाठी ‘चँटिंग द लाइट ऑफ फोरसाइट’ लिहिली. विषय आयर्लंडच्या प्राचीन वीरगाथेचा, पण सुरांची लावणी पियानोची नाही, नैसर्गिक श्रुतींची. चौघांना त्यासाठी चाव्यांच्या वेगळ्या जोड्या शोधाव्या लागल्या, ओठांनी प्रत्येक सूर जागेवर न्यावा लागला. मी हे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा सुरुवातीचे लांब सूर ऐकूनच कळलं की हा माणूस तंबोऱ्यासमोर बसलेला आहे. त्यात राग शोधू नका. सुरावर थांबणं आहे, आणि दोन सुरांच्या मधल्या जागेकडे बघणं आहे.

मीराताई, ग्वाल्हेरचा कान असूनही तुम्हाला ग्लासपेक्षा हे जवळचं वाटेल असा माझा अंदाज आहे.

मीरा_रॉटरडॅम

रायली-रोव्हा ऐकलं. सुरुवातीलाच तंबोरा बंद करावासा वाटला, दोन्हींचं भांडण नको म्हणून! पण खरं सांगू का, अजून ग्लासचा तो संथ भागच डोक्यात आहे. काल पुन्हा लावला आणि तुमच्या सांगण्यावरून फक्त श्वास ऐकत बसले. टेनर लांब ओळ धरतो तिथे एकदा स्पष्ट ऐकू आलं, ओळीच्या मधोमध घाईत घेतलेला श्वास. गाताना माझे गुरुजी मला अशाच जागी टोकायचे, शब्द तोडू नकोस म्हणून. इथे त्या श्वासानेच मला ओळ कुठून कुठवर जाते ते दाखवलं.

पुढच्या महिन्यात हीच चौकडी शेजारच्या गावात ‘इन सी’ करतेय, आणखी बरेच वादक घेऊन. हौशी लोकांनाही बोलावलंय, कुठलंही वाद्य किंवा गळा चालेल म्हणे. मी आकारात गाऊ शकेन का? पाश्चात्त्य लिपी मला अडखळत वाचता येते.

मिरजकर_बॅरिटोन

अवश्य गा. ५३ तुकडे एका पानावर मावतात, बरेचसे तर चार-पाच सुरांचेच आहेत. सरगमीत लिहून घ्या, तुमचं काम झालं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. बाकीच्यांपेक्षा दोन-तीन तुकड्यांहून जास्त पुढे किंवा मागे जायचं नाही. आणि पियानोवर वरचा षड्ज एकसारखा ठोकला जात असतो, त्याला चिकटून राहायचं. ती युक्ती पहिल्या तालमींत राइशनेच सुचवली होती. दम लागला तर थांबा, ऐका, मग पुन्हा शिरा. त्या रचनेत थांबण्याची मोकळीक आहे. आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या शेजारी उभ्या राहा, त्यांच्या श्वासावर तुम्हाला शिरायची जागा सापडेल.

पेटीवाला

तिसरा भाग मीही ऐकला, तीन-चार वेळा. बाराचं गणित पटलं आणि खालून जोर बदलतो तेही धरता आलं. ग्लास अजून लागत नाही. रोव्हाचं मात्र आज रात्री पुन्हा लावणार आहे, त्या गंधारासाठी.